टप्पे : एका टेलिफिल्मच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आज करार झाला. ९० मिनिटांच्या स्लॉटची टेलिफिल्म. लेखन माझं. वाहिनीने होकार दिला तो दोन ओळींच्या कथेवर: वाईतला निवृत्त एसटी कंडक्टर, तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन होऊन पुन्हा उलटलेला. घरातले सगळे त्याच्यापासून लपवतात आणि त्याला ते केव्हाच कळलेलं असतं.

स्लॉट ९० चा असला तरी नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटे जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीला जातात. गोष्टीला उरली ७२. त्यात पाच ब्रेक.

माझे वडील २००९ साली गेले. कॅन्सरनेच. शेवटचे चार महिने घरात तो शब्द कुणी काढला नाही. डॉक्टरांना आम्हीच बजावलं होतं, "त्यांना कळू देऊ नका." मग एकाच खोलीत बसून आम्ही पाऊस, भाव आणि शेजाऱ्यांच्या मुलाचं लग्न यांवर बोलत राहिलो. ते शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. ती पाठ मला अजून दिसते. दुसऱ्या कुणाच्या घरात निदान एक प्रश्न विचारला जावा, एवढ्यासाठी हे काम मागून घेतलं.

११ जून

पात्रं ठरली. अण्णा, माई, पुण्यात नोकरी करणारा दादा, साताऱ्याला दिलेली ताई. नावं ठेवलीच नाहीत, कारण या घरात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही.

अण्णांचा रूट वाई–महाबळेश्वर. ३२ किलोमीटर, पसरणीचा घाट, आयुष्यभर तेच वळण आणि तीच दरी. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं, ६ किलोमीटरचा एक टप्पा. वाई ते परळ सुमारे २४० किलोमीटर म्हणजे ४० टप्पे. टाटाला तपासणीला जाताना अण्णा खिडकीशी बसून टप्पे मोजतात, हा पहिला सीन. संवाद एकही नाही. बोटं मांडीवर हलतात आणि माईला वाटतं जप चाललाय.

कंडक्टरचं दुसरं हत्यार वे-बिल. कुठल्या टप्प्यावर कोणत्या नंबरची तिकिटं गेली, सगळं त्यात भरायचं, डेपोत पैसे जमा करताना ताळा लागला पाहिजे. अण्णा निवृत्त झाले तरी त्यांच्याकडे कोऱ्या वे-बिलांचा एक गठ्ठा राहिलाय. याचं पुढे काय करायचं ते अजून सुचलेलं नाही, पण गठ्ठा घरात ठेवून दिला आहे.

२६ जून

पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. आज बुधवार, बाजार भरलेला. एसटीची जुनी घंटी मिळाली, पितळी, आतला लोलक झिजलेला. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. महाराष्ट्रात 'डबल बेल' हा शब्द कळायला कुणाला खुलासा लागत नाही. अण्णांच्या खाटेला ही बांधायची. आवाज गेलेला माणूस घरच्यांना हाक मारणार कसा, याचं उत्तर हातात आलं.

५ जुलै

आजचा दिवस सगळ्यात मोलाचा. वैद्यकीय सल्ल्यासाठी एक सिस्टर मिळाल्या. घरोघर जाऊन शेवटच्या अवस्थेतल्या कॅन्सरच्या रुग्णांची शुश्रूषा करण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं. पहिला खर्डा त्यांनी समोर बसून वाचला, हातात लाल पेन. माझ्या चुका इथे लिहून ठेवते, पुन्हा होऊ नयेत म्हणून.

सीन १४ मध्ये अण्णा हुंदके देऊन रडतात. सिस्टर म्हणाल्या, "गळ्याला नळी बसवलीय ना? मग हुंदका ऐकू येणार नाही. श्वास नळीतून जातो, स्वरयंत्रापर्यंत पोचतच नाही. डोळ्यांतून पाणी येईल, खांदे हलतील, आणि नळीतून हवेचा खरखर आवाज येईल. तेवढंच."

सीन २२ मध्ये मी ऑक्सिजनचा मास्क नाकातोंडावर लावला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाळा, हा माणूस गळ्यातून श्वास घेतोय. नाकावर मास्क लावून काय होणार?" इतकी वर्षं पडद्यावर मास्क पाहून पाहून मी तो न विचार करता लिहिला होता.

नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायचं, एका वेळी साधारण २०० मिली, दर दोन-तीन तासांनी. देताना आणि दिल्यावरही काही वेळ डोकं आणि पाठ उंच हवी, नाहीतर अन्न उलटून श्वासनलिकेत जातं. मी अण्णांना सपाट झोपवून ठेवलं होतं.

जखमेचा वास. यावर त्या बराच वेळ बोलल्या. गालाची जखम बाहेर फुटली की वास येतो आणि त्या वासाने माणसं तुटतात, नातवंडं जवळ येईनाशी होतात. त्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड ड्रेसिंग करताना जखमेवर टाकायची. "कित्येक घरांत हे कुणी सांगितलेलंच नसतं. उदबत्त्या लावत बसतात." टीव्हीवर वास दाखवता येत नाही. पण शेजारची बाई दारातच पदर नाकाला लावते आणि पंधरा दिवसांनी तीच बाई खाटेच्या काठावर बसून शेंगा सोलते, हे दाखवता येतं. मध्ये फक्त गोळी कुटण्याचा खलबत्ता.

आणि गडद रंगाचे टॉवेल. मानेतली मोठी रक्तवाहिनी फुटण्याची भीती असेल तर खाटेजवळ लाल किंवा गडद टॉवेल ठेवायला सांगतात. पांढऱ्यावर रक्त पाहून घरचे कोसळतात, गडद कापडावर ते तितकं दिसत नाही. माई मरून रंगाचे चार टॉवेल घडी करून ठेवते आणि कशासाठी ते कुणालाच सांगत नाही. या सीनला मी एकही शब्द लिहिणार नाही.

निघताना सिस्टरांनी विचारलं, "तुमच्या गोष्टीत अण्णांना कुणी काही विचारतं का?" मी पानं चाळली. ६८ पानांत एकदाही नाही. सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते.

१७ जुलै

आषाढी. परळला गेले होते. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गाच्या फुटपाथवर चहाच्या टपरीत अभंग लागले होते. टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तेव्हापासून या रस्त्यावर गावोगावची माणसं येत आली आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये सगळं आयुष्य. काही जण रात्री दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत टेकतात, जागा मिळाली तर. अण्णा-माई तिथेच उतरलेले दाखवायचे. आंधळ्यापांगळ्यांसाठी, आजाऱ्यांच्या सोबत्यांसाठी धर्मशाळा बांधत फिरलेला हा संत माईच्या पिढीला सांगावा लागत नाही.

टपरीवर दोन तासांत एकच वाक्य निरनिराळ्या तोंडी ऐकलं: "यांना फक्त गाठ आहे म्हणून सांगितलंय." ज्यांना सांगितलंय ते दोन हातांवर बसून चहा पीत असतात. समोर दवाखान्याच्या नावाची पाटी. वाचता येणाऱ्या माणसाला आपण किती भोळा समजतो.

२४ जुलै

वाहिनीबरोबर बैठक. तीन सूचना आल्या.

एक, प्रत्येक ब्रेकच्या आधी हुक हवा. हे मान्य, प्रेक्षक परत यायला हवा. पण हुक म्हणजे कुणीतरी कोसळलंच पाहिजे असं नाही. पहिला ब्रेक मी टॉवेलांच्या घडीवर सुचवला. 'हे गडद टॉवेल कशाला?' हा प्रश्न घेऊन बाई स्वयंपाकघरात गेली तर ती परत येईल.

दोन, अण्णा तंबाखू मळतात तो जुन्या दिवसांचा सीन. तंबाखू पडद्यावर आली की खाली वैधानिक इशारा ठेवावा लागतो, शिवाय सुरुवातीला आणि मध्ये ३० सेकंदांची आरोग्यविषयक फीत. ७२ मिनिटांतून तेही वजा. दिग्दर्शक म्हणाले, सीनच काढू. मी हट्ट धरला. घाट चढताना ड्रायव्हर आणि कंडक्टर एका डबीतून चिमूट घेतात, ती त्यांची मैत्री आहे. तोंडात गाठ येते ती काही वाईट माणसाला येत नाही. सीन राहिला, २० सेकंदांचा.

तीन, आणि यावर मी अस्वस्थ होऊन परत आले. शेवटी अण्णांचा आवाज हवा म्हणतात. जुनी कॅसेट सापडते, त्यात अण्णांनी मुलांसाठी निरोप भरून ठेवलेला असतो, तो मरणाच्या दृश्यावर वाजतो. शिवाय अगदी शेवटी डबल बेल, जीव गेला हे सांगायला.

डबल बेलचा मोह मलाही होता. जून महिन्यात वहीत लिहिलीसुद्धा होती. पण जो माणूस सबंध फिल्मभर हातातल्या घंटीने सुई टोचू नका, खिडकी उघडा, पाठ फिरवा असं सांगत आला, त्याच्या घंटीचा मरणाच्या क्षणी अलंकार करायचा? त्याची भाषा काढून घेऊन ती पार्श्वसंगीताला द्यायची? आणि कॅसेट म्हणजे आवाज गेलेल्या माणसाला मागच्या दाराने आवाज परत करणं. ज्यांच्या घरात कॅसेट नव्हती त्या प्रेक्षकांना आपण काय सांगणार?

दोन्हींना नाही म्हणून कळवलं. उत्तर आलेलं नाही.

८ ऑगस्ट

अण्णा मिळाले. रंगभूमीवर ३५ वर्षं काम केलेले नट. त्यांना सांगितलं, तुम्हाला पहिल्या १८ मिनिटांनंतर वाक्य नाही. त्यांनी विचारलं, "आणि पाटी?" पाटीवर एकूण ११ वेळा लिहायचंय. "मग अक्षर बसवायला वेळ द्या. कंडक्टरचं अक्षर चालत्या गाडीत घडलेलं असतं." दुसऱ्या दिवसापासून ते रोज एसटीने फिरताहेत आणि मांडीवर वही धरून लिहिताहेत.

२० ऑगस्ट

वे-बिल सुटलं!

सिस्टरांनी दुखणं मोजायची पट्टी समजावली होती. शून्य म्हणजे काही दुखत नाही, १० म्हणजे याहून जास्त दुखणं शक्यच नाही. रुग्णाने स्वतः आकडा सांगायचा आणि तो खरा मानायचा. अण्णा ती पट्टी पाहतात आणि पाटीवर लिहितात: "टप्पे." मग वे-बिलाच्या कोऱ्या रकान्यांत वेळ, औषध आणि टप्पे. सकाळी ६, गोळी, ८ टप्पे. सकाळी १०, गोळी, ५ टप्पे. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते, दुखायला लागण्याची वाट न बघता. रात्री झोपताना दुप्पट मात्रा देतात म्हणजे मध्यरात्रीची एक वेळ चुकवता येते आणि रुग्ण व घर दोन्ही झोपतात. घड्याळावर चालणारं हे औषध एसटीच्या माणसाला लगेच पटतं. वेळापत्रक त्याच्या रक्तातच आहे.

दादा मात्र 'मॉर्फिन' ऐकून उठून उभा राहतो. "ते गर्दुल्ल्यांचं. अण्णांना नशेत मारायचंय का?" हा सीन आज सात वेळा लिहिला. डॉक्टरांच्या तोंडी व्याख्यान येत होतं. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा इतका कडक होता की परवान्यांच्या भीतीने दवाखाने आणि दुकानं मॉर्फिन ठेवीनाशी झाली आणि पिढ्यान् पिढ्या डॉक्टरांना ते हाताळायचा सरावच उरला नाही. २०१४ ला दुरुस्ती होऊन वैद्यकीय उपयोगाची वाट सोपी झाली, मान्यताप्राप्त संस्था ते देऊ शकतात. हे सगळं खरं आणि महत्त्वाचं, पण घाबरलेल्या मुलाला कायद्याचा इतिहास ऐकू येत नाही.

शेवटी सातव्या खर्ड्यात डॉक्टर बोलतच नाहीत. माई कालचं आणि आजचं वे-बिल दादासमोर ठेवते. काल ९, ९, ८, १०. आज ८, ५, ४, ३. दादा हिशेबाच्या खात्यात नोकरीला आहे. आकडे वाचतो आणि खाली बसतो. मग विचारतो, "पुढची गोळी किती वाजता?"

पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं, हेही घातलंय. नाहीतर बद्धकोष्ठाने माणूस इतका हैराण होतो की मॉर्फिनच नको म्हणतो. दिग्दर्शकांना वाटलं टीव्हीवर हे बरं दिसत नाही. माईच्या तोंडी अर्ध वाक्य दिलं, सकाळच्या चहाबरोबर. बरं दिसतं.

२८ ऑगस्ट

एक गाठ सुटत नव्हती: गोळ्या लागू पडल्यावरही कथेत ताण कुठून येणार? सिस्टरांनी सिसिली सॉन्डर्स यांची गोष्ट सांगितली. लंडनमध्ये १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांची शुश्रूषा करणारं घर. त्या म्हणायच्या की दुखणं एकट्या शरीराचं नसतं. मनाचं असतं, पैशाचं असतं, माणसांचं असतं, देवाशी चाललेल्या भांडणाचं असतं, आणि सगळं मिळून ते एक होतं. आपल्याकडे बांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ चं, देशातलं पहिलं हॉस्पिस.

यावरून सीन ४१ लिहिला. चार दिवस ३ टप्प्यांवर असलेले अण्णा अचानक ७ लिहायला लागतात. डॉक्टर मात्रा वाढवायचा विचार करतात. घरी येणारी सिस्टर खाटेवर बसून विचारते, "अण्णा, यातले शरीराचे किती?" ते लिहितात: २. "आणि बाकीचे ५?" बराच वेळ जातो. मग पाटीवर: "पतपेढीचं कर्ज. दादाला माहीत नाही."

म्हणजे लपवत तेही होतेच. एकाच घरात दोन बाजूंनी दोन गुपितं, आणि मध्ये चहाची कपबशी. हे लिहिलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. मला बाबांची भिंतीकडची पाठ आठवली आणि पहिल्यांदाच वाटलं की त्यांनाही काही सांगायचं असेल.

२ सप्टेंबर

वाईची रेकी, म्हणजे शूटिंगच्या जागांची पाहणी. मेणवलीचा घाट आणि वाडा नको, असं सर्वानुमते ठरलं. तो इतक्या कॅमेऱ्यांनी पाहिलाय की प्रेक्षक ओळखून मोकळा होतो. बसस्टँडमागच्या आळीत दोन खोल्यांचं घर मिळालं, पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा. ध्वनिमुद्रकांनी पत्र्याकडे पाहून कपाळाला हात लावला. पाऊस आला की टेक गेला. मी म्हटलं, पाऊस येऊ दे, या घरात तसंही कुणी मोठ्याने बोलत नाही.

गणपती होईपर्यंत काम बंद. विसर्जन १७ ला, शूटिंग २३ पासून.

२५ सप्टेंबर, शूटिंगचा तिसरा दिवस

मेकअपला अडीच तास लागतात. गालाची सिलिकॉनची जखम, जबड्याचं हाड काढल्यावर चेहरा एका बाजूला बसतो ती खोलगट रेषा, गळ्यातली नळी. परळला रुग्ण या ऑपरेशनला 'कमांडो' म्हणतात, पटकथेतही तोच शब्द ठेवलाय. पहिल्या दिवशी स्पॉटदादांनी चहा देताना अण्णांकडे पाहायचं टाळलं. आज ते त्यांच्याशेजारी बसून वडापाव खात होते. शेजारच्या बाईचा सीन आम्ही लिहिला होता, तो सेटवर आपोआप घडला.

आर्ट डिपार्टमेंटने खाट सपाट लावली होती. सिस्टरांनी स्वतः दोन उशा आणि एक गोधडी घालून पाठ उंच केली.

२७ सप्टेंबर

सीन ४७. फिल्म ज्याच्यासाठी आहे तो सीन.

अण्णा पाटीवर लिहितात: "किती टप्पे राहिले?" दादा लगेच म्हणतो, "अण्णा, काय विचारता, बरे होणार तुम्ही." अण्णा घंटी वाजवतात. एकदाच. थांब.

डॉक्टर खुर्ची ओढून अण्णांच्या डोळ्यांच्या पातळीला बसतात. आधी विचारतात, "तुम्हाला काय काय माहीत आहे?" अण्णा गालाकडे, गळ्याकडे बोट दाखवून हात खाली आणतात: उतरत चाललंय. "आणखी ऐकायचंय?" दोन घंटा. मग डॉक्टर म्हणतात, "महिने नाहीत, अण्णा. आठवडे असतील. नक्की आकडा मला सांगता येणार नाही, पण दुखू देणार नाही, आणि मी येत राहीन."

आधी विचारायचं, मग परवानगी घ्यायची, मग थोडं सांगायचं आणि थांबायचं. अशी वाईट बातमी सांगायची रीत डॉक्टरांना शिकवली जाते. आम्ही ती तशीच ठेवली, फक्त थांबणं लांबवलं. कॅमेरा अण्णांवर ४० सेकंद. पत्र्यावर पाऊस सुरू झाला. ध्वनिमुद्रकांनी टेक तोडला नाही.

अण्णा पाटी पुसतात. लिहितात: "वकील बोलवा." याचा संदर्भ आधीच्या सीनमध्ये पेरलाय: सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायला, मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची रीत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. अण्णांना यंत्रावर जायचं नाही, घरी राहायचंय. चार रकान्यांच्या वे-बिलावर ते स्वतः मसुदा करतात. पण आज मसुद्यापर्यंत गेलोच नाही. टेक संपल्यावर माईचं काम करणाऱ्या बाई ओट्यावर जाऊन बसल्या आणि अर्धा तास कुणी त्यांना बोलावलं नाही. ग्लिसरीनची बाटली पाच दिवसांत उघडली गेली नाही.

१ ऑक्टोबर

पॅक-अप. शेवटच्या रात्रीचा सीन काल झाला. अण्णांचा श्वास अनियमित झालाय: भराभर चार-पाच, मग लांब खंड, पुन्हा सुरू. घशात घरघर. घरच्यांना वाटतं जीव गुदमरतोय. सिस्टर कुशीवर वळवून सांगते की त्यांना याचा त्रास होत नाहीये, आवाज आपल्याला ऐकवत नाही इतकंच. अन्न थांबलंय. माई ओल्या कापसाने ओठ पुसते. गंगाजळ आणि तुळशीचं पान ओठांना फक्त लावते, तोंडात घालत नाही.

मग ती अण्णांच्या कानाशी थांबे म्हणायला लागते. नवी नवरी म्हणून ती याच गाडीने पहिल्यांदा घाट चढली होती. वाई, पसरणी, दांडेघर, पाचगणी... प्रत्येक नावानंतर श्वासाचा खंड. घंटी खाटेला तशीच बांधलेली, कुणी हात लावत नाही.

कॅसेटचा विषय वाहिनीने पुन्हा काढलेला नाही. हा सीन पाहून काढणारही नाहीत असं वाटतं.

२२ ऑक्टोबर

रफ कट ८१ मिनिटांचा. नऊ मिनिटे कापायची. संकलकांनी ताईचा सासरचा सगळा भाग काढून दाखवला आणि त्यांचं बरोबर होतं. माईने थांबे म्हणताना मेटगुताड म्हटल्यावर कट करायचं की पुढे लिंगमळ्यापर्यंत जायचं, यावर दोन दिवस गेले. मेटगुताडावर थांबलो. महाबळेश्वर कुणीच उच्चारत नाही.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुटी, स्टुडिओ बंद. काल फोलीत, म्हणजे बारीकसारीक आवाज स्टुडिओत वेगळे भरतात त्या कामात, पाटीपेन्सिलचा आवाज पुन्हा भरला. मूळ मुद्रणात तो फार कर्कश होता. नवी पाटी, ओली पेन्सिल. पार्श्वसंगीत फक्त तीन ठिकाणी ठेवलंय. संगीतकारांनी स्वतःच दोन तुकडे मागे घेतले.

२ डिसेंबर

आईला घरी लॅपटॉपवर पूर्ण फिल्म दाखवली. ती ७४ वर्षांची आहे. मधे काही बोलली नाही, टॉवेलांच्या सीनला उठून पाणी प्यायली.

संपल्यावर पहिला प्रश्न: "उशी एवढी उंच का?"

सांगितलं, नळीने भरवताना डोकं उंच ठेवायचं असतं, नाहीतर ठसका लागतो.

"आपण यांना सपाट झोपवायचो," ती म्हणाली. "म्हणून खोकायचे का?"

मी हो म्हणाले. दुसरं काही म्हणता आलं नाही. बऱ्याच वेळाने तिने शेवटची पाटी पुन्हा लावायला सांगितली. फिल्म संपल्यावर काळ्या पडद्यावर मजकूर येतो: 'कॅन्सरच्या रुग्णांसाठी उपशामक सेवा उपलब्ध आहे. आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधा.' ६ सेकंद. आईला पहिली ओळ वाचून होईपर्यंत पाटी गेली. "उपशामक म्हणजे?" तिने विचारलं. मी समजावलं, दुखणं आणि त्रास कमी करणारी. "मग तसंच लिही ना. आणि थोडं थांबव. मी चष्मा पुसते तेवढ्यात जातंय."

९ डिसेंबर

वाहिनीला नवा मजकूर पाठवला: 'कॅन्सरचं दुखणं औषधाने कमी होतं. सोसू नका. डॉक्टरांना विचारा, आणि आजारी माणसालाही विचारा.' वेळ २० सेकंद मागितली. शेवटच्या ब्रेकनंतरच्या हिशेबात तेवढी जागा नव्हती. संकलकांनी श्रेयनामावलीचा वेग वाढवला, माझं नाव बाकीच्यांबरोबर एका पाटीत घातलं.

१४ सेकंद मिळाले. आईला घड्याळ लावून वाचायला लावलं. १२ मध्ये झालं.